शिक्षक कसा घडला, हे आधी विचारावे

घरातील ज्येष्ठांना एखाद्या व्यायामवर्गास घालताना आपण वेळ, शुल्क आणि अंतर विचारतो. शिकवणारा स्वतः कोठे आणि किती वर्षे शिकला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. तरुण शरीर चुकीचा व्यायाम एक वेळ सोसते. ठिसूळ झालेले हाड एका हिसक्यानेही मोडू शकते. खुब्याचे हाड मोडले, तर हिंडता-फिरता माणूस महिनोन्‌महिने परावलंबी होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. म्हणून तोल सांभाळायला शिकवणाऱ्याची पारख महत्त्वाची.

वऱ्हाडाला ही पारख नवी नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. कुस्ती, मल्लखांब, लेझीम यांबरोबरच ते शिकवणारे शिक्षक घडवण्याचे कामही मंडळाने हाती घेतले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. आखाड्यातील वस्तादाच्या अनुभवाला शरीरशास्त्र आणि अध्यापनपद्धती यांची जोड हवी, हा विचार या परंपरेतून रुजला.

जपानी आयकिडोच्या शिक्षकांची वाटचालही या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या जोराला जोराने न भिडता त्याची दिशा वळवणे, हे या कलेचे सूत्र. तिचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी १९१५ पासून सोकाकू ताकेदा यांच्याकडे दाइतो-र्‍यू जुजुत्सूचे धडे घेतले आणि पुढे स्वतःची पद्धती घडवली. ऐंशी ओलांडल्यावरही त्यांचे शिकवणे चालू होते. केन्जी तोमिकी, गोझो शिओदा, कोइची तोहेई हे त्यांचे नामवंत शिष्य आधी जुदो शिकून आले होते.

या मार्गावर घाईला जागा नाही. ‘क्यू’ या प्राथमिक पायऱ्या चढून मिळणाऱ्या पहिल्या काळ्या पट्ट्यास ‘शोदान’ म्हणतात. त्याचा अर्थच ‘आरंभीची पायरी’ असा आहे. आयकिकाई या मुख्य संस्थेच्या नियमांनुसार दुसऱ्या-तिसऱ्या दानला ‘फुकुशिदोइन’ म्हणजे साहाय्यक शिक्षक, चौथ्या-पाचव्या दानला ‘शिदोइन’ आणि सहाव्या दानपासून पुढे ‘शिहान’ ही पदे असतात. शिहान होईपर्यंत काही दशके लोटतात. आणि या साऱ्या प्रवासात आरंभापासून शिकावे लागते ते ‘उकेमी’, म्हणजे इजा न होता पडणे: हनुवटी छातीकडे, पाठ गोल, आणि ताठ हात जमिनीवर न टेकणे. पडताना टेकलेल्या ताठ हातामुळेच पुष्कळदा मनगट मोडते.

तथापि, वाचकहो, हे वाचून घरी कोलांटी घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी, सांधा बदललेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी पडण्याचा सराव करू नये. पाय योग्य अंतरावर ठेवून उभे राहणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, सावकाश वळणे एवढाच भाग त्यांच्या उपयोगाचा. तोही डॉक्टरांना विचारून.

योग असो, ताई-ची असो वा आयकिडो, वर्गास नाव घालण्यापूर्वी शिक्षकांना पुढील प्रश्न नम्रपणे विचारावेत.

• आपण कोणाकडे, किती वर्षे शिकलात आणि आजही शिकता का?
• साठीपुढील व्यक्तींना शिकवण्याचा अनुभव आहे का?
• रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांची नोंद घेऊन व्यायाम बदलून देता का?
• प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे का?

खरा जाणकार या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट तोच आपल्याला आजारांविषयी आधी विचारतो. पहिल्याच दिवशी सर्वांना सारखाच व्यायाम देणारा, किंवा ‘दुखले तरी करा’ म्हणणारा शिक्षक मात्र टाळावा, मग भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे असोत.

पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि शक्तीचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. चांगला वर्ग मिळेपर्यंत, डॉक्टरांच्या संमतीने, स्वयंपाकघरातील ओट्याला धरून टाचा उचलणे आणि भक्कम खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे सुरू करावे. शुश्रूषा करणाऱ्याने जवळ उभे राहावे. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात हा व्यायाम पहाटेच्या गारव्यात करावा आणि पुरेसे पाणी प्यावे. शरीरातील पाणी कमी झाले की उठताना भोवळ येते. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

पडण्याच्या धास्तीने पुष्कळ ज्येष्ठ हालचालच कमी करतात. त्यामुळे पायांतील बळ घटते आणि पडण्याचा धोका अधिकच वाढतो. योग्य शिक्षकाचा हात वेळीच मिळाला, तर ही धास्ती ओसरू शकते. तो हात आपण पारखून निवडावा.