कडकड येतेय? लॅपटॉप बदलायच्या आधी हे ऐका

मी काष्टीतून बोलतोय. आज शनिवार, म्हणजे आमच्याकडं बाजाराचा दिवस. मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू आले तर चालवून घ्या. आजचा विषय मात्र दुसऱ्याच आवाजाचा आहे.

कीबोर्ड जोडला, व्हर्च्युअल पियानो उघडला, बफर 64 वर आणला आणि कडकड सुरू. मग घरच्यांकडं नव्या लॅपटॉपचा हट्ट. जरा थांबा. आधी हे होतं कशामुळं ते बघू.

डेअरीची गाडी डोळ्यासमोर आणा. ती ठरलेल्या वेळेला येणार, कॅन भरलेला असो वा नसो. बफर म्हणजे तो कॅन. सॅम्पल रेट 48000 आणि बफर 128 असेल, तर एक कॅन भरायला प्रोसेसरला साधारण 2.7 मिलिसेकंद मिळतात. 512 केला की 10.7. कॅन वेळेत भरला नाही तर गाडी रिकामी जाते, आणि तो रिकामा तुकडा तुम्हाला 'कट्' असा ऐकू येतो. म्हणूनच प्रोसेसर सरासरी 40 टक्केच चालू दिसला तरी कडकड येऊ शकते. इथं सरासरीला किंमत नाही, एक कॅन चुकला की संपलं.

आता तपासणी, याच क्रमानं करा.

पहिलं, बफर 1024 करून बघा. कडकड गेली तर दुखणं हेच. नाही गेली तर मास्टरचा मीटर लाल होतोय का बघा, आवाज फाटत असेल.

दुसरं, ड्रायव्हर. विंडोजवर ऑडिओ इंटरफेस असेल तर त्याच्याच कंपनीचा असिओ ड्रायव्हर निवडा.

तिसरं, चार्जर लावा आणि पॉवर सेटिंग हाय परफॉर्मन्सवर ठेवा. बॅटरी वाचवायला प्रोसेसर वेग कमी करतो.

चौथं, वायफाय पाच मिनिटं बंद करा. काही ड्रायव्हर प्रोसेसरला मध्येच अडवून धरतात. फरक पडला तर तो ड्रायव्हर अपडेट करा.

पाचवं, इन्स्ट्रुमेंटमधली पॉलिफनी कमी करा. सस्टेन पेडल दाबून वाजवलं की जुने सूर संपत नाहीत, एकावर एक साचत जातात. मोठ्या सॅम्पल लायब्ररी जुन्या हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडीवर हलवा.

सहावं, वाजवून झालेले ट्रॅक फ्रीझ करा. म्हणजे ते दर वेळी नव्यानं तयार करावे लागत नाहीत.

आणि एक लक्षात ठेवा, बफर कायम 64 वर ठेवायची गरजच नसते. वाजवताना 128, मिक्सिंगला 1024, असं मी करतो. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे 128 च्या एका बफरचा उशीर हा स्पीकर हातभर लांब ठेवण्याइतकाच. इंटरफेसचा थोडा उशीर त्यात वाढतो, पण ढोलकीचा ठेका धरायला अडचण येत नाही.

मोबाइलवर बीट बनवणाऱ्यांनो, तुमच्यासाठी खास: ब्लूटूथ हेडफोनचा उशीर बऱ्याचदा 100 मिलिसेकंदांच्याही वर जातो. तिथं बफर कितीही कमी करा, हात आणि आवाज जुळणार नाहीत, उलट कडकड वाढेल. साधा वायरचा हेडफोन लावा.

एवढं सगळं करूनही 256 वर एकटा पियानो अडखळत असेल, तर मग खुशाल नव्या लॅपटॉपचा विषय काढा.