नायकाचे सोबती का बदलतात?

एखादी गोष्ट दहा-वीस वर्षे चालवायची म्हटली, की लेखकापुढे अडचण उभी राहते ती नायकाभोवतीच्या माणसांची. नटांचे करार संपतात. कुणाला दुसरे काम मिळते. कुणाला तीच भूमिका नकोशी होते. मग त्या जागी नवे माणूस आणावे लागते. ते नीट जमले नाही, तर प्रेक्षक बोलत काही नाही, पण मनाने उठून जातो. ही बदली कशी साधते नि कशी फसते, हे समजून घ्यायला ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका फार सोयीची आहे.

बी. बी. सी.ने ही वैज्ञानिक अद्‌भुतकथा २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केली. १९८९ साली ती थांबली नि २००५ साली पुन्हा सुरू झाली. नायक ‘डॉक्टर’ हा परग्रहावरचा प्रवासी. त्याचे यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखे दिसते, आत मात्र प्रशस्त. आणि ते काळातूनही प्रवास करते. प्रारंभी त्याच्याबरोबर तिघे होते : नात सुझन आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक, इयान व बार्बरा. इयान विज्ञान शिकवी, बार्बरा इतिहास. गोष्ट भविष्यात गेली की एकाचा उपयोग, भूतकाळात गेली की दुसरीचा!

पण सोबत्यांचे खरे काम याहून मोठे आहे. डॉक्टरला बहुतेक सारे ठाऊक असते. त्यामुळे तो प्रश्न विचारीत नाही. प्रेक्षकाच्या मनात प्रश्न असतात, पण त्याला विचारता येत नाहीत. मग मध्ये कुणीतरी हवे. जनमेजयाने विचारावे आणि वैशंपायनांनी सांगावे, ही आपली जुनी रीत तरी दुसरी काय आहे? वर्गात एक मुलगा धीर करून शंका विचारतो, तेव्हा ती अर्ध्या वर्गाची शंका असते. सोबत्याची जागा ही अशी, आपली जागा आहे.

आता बदलीचे दाखले पाहू. डिसेंबर १९६४ मध्ये सुझन गेली. एका तरुणावर तिचे मन बसले होते, पण आजोबांना सोडवत नव्हते. अखेर आजोबांनीच यानाचे दार लावून घेतले नि बाहेर उभ्या असलेल्या नातीचा निरोप घेतला. पुढच्याच आठवड्यात, २ जानेवारी १९६५ ला, व्हिकी नावाची पोरकी मुलगी गोष्टीत आली. आजोबांना नात नव्हती, मुलीला घर नव्हते. जागा भरली, पण गेलेलीची उणीव कुणी नाकारली नाही.

उलट उदाहरण कॅटरिनाचे. १९६५ च्या अखेरीस ट्रॉय नगरीतली ही दासी डॉक्टरबरोबर निघाली. तिला डॉक्टर देव वाटे आणि यान देवालय. कल्पना सुरेख, पण प्राचीन काळच्या मुलीला किल्ली म्हणजे काय येथपासून सांगायचे, तर गोष्ट पुढे कधी सरकायची? लेखकांच्या हे ध्यानात आले आणि पाच भागांतच त्यांनी तिला मृत्यू दिला. १९७० साली दुसरे टोक गाठले गेले. केंब्रिजची शास्त्रज्ञ लिझ शॉ ही इतकी जाणती, की तिने डॉक्टरला भाबडे प्रश्न विचारावेत कसे? चार कथांनंतर ती गेली. निरोपाचा प्रसंगही नाही. ती केंब्रिजला परतल्याचे पुढच्या वर्षी बोलण्यात आले, तेवढेच. तिच्या जागी आलेली जो ग्रँट धांदरट, पण धीट आणि प्रेमळ. ती रुळली. १९७३ मध्ये ती लग्न करून दूर जायला निघाली, तेव्हा डॉक्टर मेजवानीतून मुकाट्याने एकटाच निघून गेला.

म्हणजे सोबती फार अजाण असून चालत नाही, फार जाणता असूनही नाही.

१९६६ साली तर या जागेची कसोटीच लागली. त्या ऑक्टोबरात खुद्द नायकाचा नट बदलला. विल्यम हार्टनेल जाऊन पॅट्रिक ट्राउटन आले. हाच का आपला डॉक्टर, ही प्रेक्षकाची शंका पडद्यावर बेन या खलाशाने बोलून दाखविली, आणि पॉलीने विश्वास ठेवला. दोघांच्या आधाराने प्रेक्षकही नव्या डॉक्टरला स्वीकारायला शिकला.

तरीही जागा भरली म्हणजे माणूस पुसले गेले, असे समजू नका. सारा जेन स्मिथला डॉक्टरने १९७६ मध्ये पृथ्वीवर सोडले. २००६ साली मालिकेने तिला परत आणले नि तिच्या तोंडून विचारले : मी वाट पाहिली, तू परत का आला नाहीस? आणि पहिल्या तिघांतला इयान? त्याची भूमिका करणारे विल्यम रसेल १९६५ नंतर थेट २०२२ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, क्षणभर त्याच भूमिकेत दिसले.

लांब पल्ल्याची गोष्ट चालविणाऱ्याने हे दोन्ही सांभाळले पाहिजे : येणाऱ्याला स्वतःचा स्वभाव द्यावा, गेलेल्याची नक्कल करावयास लावू नये, आणि जाणाऱ्याला निरोप द्यावा. गेलेल्यांची आठवण जी मालिका ठेवते, तिच्यात नव्याने येणाऱ्यांवर आपण लवकर विश्वास ठेवतो.