वातानुकूलन यंत्र आणि खुली केलेली पेटंटे

हलवाई आपल्या मिठाईची कृती शेजारच्या हलवायाला सांगत नाही. कारखानदाराचेही तसेच. नवी युक्ती सापडली की तो तिचे पेटंट घेतो. मग ठरावीक वर्षे ती युक्ती इतरांना त्याच्या परवानगीवाचून वापरता येत नाही. असे असताना जपानमधील ओसाका येथील डायकिन या कंपनीने २०११ साली वातानुकूलन यंत्रांविषयीची आपली ९३ पेटंटे विकसनशील देशांतील कारखान्यांना विनामूल्य खुली केली. २०१५ साली ती साऱ्या जगाला खुली झाली. हे कसे घडले? उत्तरासाठी आधी यंत्राच्या आत डोकावू या.

या यंत्रात एक पदार्थ सतत फिरत असतो. त्याला शीतक म्हणतात. खोलीतील नळ्यांत त्याचे द्रवातून वायूत रूपांतर होते आणि त्यासाठी लागणारी सुप्त उष्णता तो खोलीतील हवेकडून घेतो. माठातील पाणी गार होते तेही बाष्पीभवनामुळेच. पुढे संपीडक या वायूवर दाब देतो. बाहेरच्या नळ्यांत वायूचा पुन्हा द्रव होतो आणि खोलीतून उचललेली उष्णता बाहेरच्या हवेत जाते.

शीतक नळ्यांत बंद राहिले तर प्रश्न नाही. पण सांधे गळतात आणि यंत्र मोडीत काढताना वायू निसटतो. पूर्वीचा आर-२२ हा वायू ओझोनच्या थराला घातक होता. १९८७ च्या माँट्रियल कराराखाली पुढे तो हटवण्याचे ठरले आणि अनेक ठिकाणी आर-४१०ए आला. ओझोनला याचा त्रास नाही. मात्र शंभर वर्षांचा हिशेब धरला तर याचा १ किलो वायू २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात अडकवतो!

हा आकडा तुम्हीही काढू शकाल. आर-४१०ए हे मिश्रण आहे: वजनाने निम्मा आर-३२, निम्मा आर-१२५. पहिल्याचा आकडा ६७५, दुसऱ्याचा ३,५००. दोहोंची सरासरी काढून पाहा.

मग नुसता आर-३२ का वापरू नये? अडचण अशी, की तो किंचित ज्वलनशील आहे. आर-१२५ मुळे हा दोष झाकला जाई. शिवाय दाबताना तो अधिक तापतो. म्हणून यंत्राची रचना बदलावी लागते. डायकिनने नोव्हेंबर २०१२ मध्ये आर-३२ वर चालणारे घरगुती यंत्र जपानमध्ये विक्रीस आणले. खुली केलेली पेटंटे अशाच यंत्रांसंबंधीची होती.

आता धंद्याचा हिशेब पाहू. गावात एकाच घरी टेलिफोन असेल तर त्याचा उपयोग काय? शीतकाचेही असेच आहे. एकाच कंपनीच्या यंत्रासाठी व्यापारी नव्या वायूची टाकी ठेवणार नाही, कारागीर तो भरायला शिकणार नाही आणि सुरक्षिततेचे नियमही सहजी बदलणार नाहीत. सर्व कारखाने त्या वाटेने गेले, तरच ती वाट रुळते. शिवाय डायकिन शीतक वायूही बनवते. प्रतिस्पर्ध्याने आर-३२ स्वीकारला की त्या वायूची मागणी वाढते. तेव्हा हे दान नव्हे. कंपनीचा फायदा आणि वातावरणाचा फायदा येथे एका दिशेला आले, इतकेच.

अर्थात ६७५ हा आकडाही लहान नाही. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंचा वापर जगभर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरले आहे. प्रोपेनचा आकडा तर अगदीच अल्प आहे. पण तो स्वयंपाकाच्या गॅससारखा चटकन पेटतो, म्हणून तो बेताने भरावा लागतो. आपल्याकडे गोदरेज कंपनीने २०१२ साली प्रोपेनवर चालणारी यंत्रे बाजारात आणली.

एक प्रयोग करा. शाळेतील किंवा बँकेतील वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागावर एक पाटी असते. तीवर शीतकाचे नाव आणि वजन दिलेले असते. वजनाला वरील आकड्याने गुणा. तो सगळा वायू निसटला तर किती कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होईल, ते कळेल. चार यंत्रांचे आकडे वहीत मांडा आणि वर्गात त्यांची तुलना करा.