भाजल्यानंतरचे पहिले दिवस

तानसा परिसरात भाजलेला रुग्ण आधी शहापूर किंवा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात जातो. प्लास्टिक सर्जन तिथून दूर, मोठ्या शहरात. म्हणून या रुग्णालयांत रुग्ण पुढे पाठवण्यापलीकडे फारसे काही होणार नाही, असे मानले जाते. माझ्या मते हे चूक आहे. चेहऱ्याची, हातांची पुढची घडण बरीचशी या पहिल्या उपचारांवर ठरते. वरवरच्या भाजण्यात जखम ओलसर, झाकलेली आणि जंतूंपासून दूर राहिली, तर त्वचा स्वतःच भरून येते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी यासाठी केळीचे पान वापरले: पट्टीच्या कापडावर चिकटवायचे, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचे. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ड्रेसिंग बदलताना वेदना कमी होतात. हे निष्कर्ष 2003 साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

गरिबांना पाला आणि श्रीमंतांना औषध, हा आक्षेप गंभीर आहे. पण हे पान व्हॅसलीन गॉजशी तुलना करून तपासलेले आहे. निर्जंतुक न केलेले पान मात्र घरी कोणीही लावू नये. खोल भाजण्याला त्वचारोपण लागतेच, तिथे पान पुरेसे नाही. तरीही मान भाजलेल्या रुग्णाला उशी न देणे, सांधे ताणलेल्या स्थितीत स्प्लिंटने बांधणे, रोज व्यायाम करवून घेणे यांना सर्जन लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका लागते, आणि ती पदे भरलेली असावी लागतात.