सव्वासहाची गाडी आणि शंभर मिलिलिटर

पहाटे ५.१५

डिसेंबरात जांबोटीत या वेळी समोरचं घरही दिसत नाही. धुकं आणि न्हाणीघरांतला धूर एकत्र होऊन रस्त्यावर बसलेला असतो. गॅस घरोघरी आला, तरी अंघोळीचं पाणी इथे अजून लाकडांवरच तापतं. अंधारात कुणीतरी खोकतं आणि माझे कान तिकडे वळतात. ही धंद्याची खोड. कफ सुटणारा खोकला निराळा. कोरडा, उबळीवर उबळ आणणारा, औषधाच्या बाटल्या संपल्या तरी न हटणारा खोकला निराळा. दुसऱ्या प्रकारचा ऐकू आला की त्या घरी एकदा चहाला जाऊन येते.

बेळगावच्या एका रुग्णालयात मी औषधांच्या चाचण्यांची समन्वयक आहे. डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. फुप्फुसात व्रणाच्या गाठीगाठी धरून ते कडक होत जातं, हवा आत घेता येते पण पुरी घेता येत नाही, अशा आजारांवर नवी औषधं तपासली जातात. रुग्णाला वेळेवर आणणं, मोजमाप नीट होतंय ते बघणं, कागद पुरे ठेवणं हे माझ्याकडे. गावात एवढंच माहीत आहे की ही ‘दवाखान्यात असते’. त्यामुळे गाडी येईपर्यंत स्टँडवर कुणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट वाचून द्यावा लागतो.

६.१५

कुसमळी, किणये, पिरनवाडी. दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं आणि डबे घेतलेले कामगार. पिरनवाडीला गाडी खानापूर रस्त्याला लागते आणि उद्यमबागला निम्मी रिकामी होते. उतरणाऱ्यांत फाउंड्रीवाले बरेच. बेळगावच्या ओतकामाचं नाव देशभर आहे. पण साचा वाळूचा असतो आणि वाळू म्हणजे सिलिका. ओतलेला भाग साच्यातून काढताना, फेटलिंगला घासताना, शॉट ब्लास्टिंगला उडते ती धूळ इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही, आणि नेमकी तीच खोल जाऊन बसते. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला आजार. तरी आमच्याकडे येणारा फेटलर बहुतेक वेळा टीबीच्या गोळ्यांचा एखादा कोर्स करूनच आलेला असतो. ही गल्लत सोपी आहे, कारण सिलिका अंगात असलेल्याला टीबी खरोखरच लवकर धरतो. एक्स-रे दोघांचेही डागाळलेले.

आणि वाईट भाग पुढेच असतो. आमच्या बऱ्याच चाचण्या आयपीएफच्या, म्हणजे कारण सापडत नाही अशा फायब्रोसिसच्या. फेटलरच्या आजाराचं कारण त्याच्या हजेरीकार्डावर लिहिलेलं असतं, म्हणून तो चाचणीत बसत नाही. नियम बरोबर आहे. तो त्याला तोंडावर सांगायचा प्रसंग मात्र दर वेळी नव्याने जड जातो.

९.००

पहिलं काम स्पायरोमीटरचं. तीन लिटरची मोठी सिरिंज यंत्राला जोडायची, हवा ढकलायची आणि यंत्र तीन लिटरच दाखवतंय ना ते बघायचं. फरक तीन टक्क्यांवर गेला की त्या दिवशी कुणाचाही श्वास मोजायचा नाही. पट्टीच चुकली तर कापड मोजून उपयोग काय? औषध ठेवलेल्या खोलीचं तापमान वहीत लिहायचं. दोन्ही कामं पाच-दहा मिनिटांची, पण ती झाल्याची सही नसेल तर वर्षभराची मेहनत संशयात जाते.

९.४०

खानापूरकडचे एक मामा येतात. सत्तरीचे, बोटांची टोकं ढोलासारखी फुगलेली. डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावतात. तळाशी चरचर ऐकू येते, तिला ते वेल्क्रोचा आवाज म्हणतात. मग माझी पाळी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, खोल श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळा बाहेर फेकायचा. मी शेजारी उभी राहून ओरडते, “फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!” माणूस कन्नड बोलणारा असला तर “ऊदरी, ऊदरी!” बाहेर बसलेल्यांना वाटतं आत भांडण लागलंय. तीन वेळा तरी नीट फुंकलं पाहिजे आणि त्यातल्या दोन मोठ्या आकड्यांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त अंतर नको. मामांची दुसरी फुंकर खोकल्यात जाते, चौथी जमते. ते खुर्चीतच डोळे मिटून बसतात.

या आकड्याला एफव्हीसी म्हणतात आणि आमचं सगळं जग त्याच्यावर उभं आहे. २०१४ साली निंटेडॅनिबच्या इनपल्सिस चाचण्यांचे निकाल आले. दोन चाचण्या, २४ देश, १,०६६ रुग्ण. पहिल्या चाचणीत नुसती दिसायला सारखी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा एफव्हीसी वर्षाला सरासरी २३९.९ मिलिलिटरने घसरला. औषध घेणाऱ्यांचा ११४.७ ने. म्हणजे वर्षभर रोज दोन कॅप्सूल घेतल्या, हगवण सोसली, यकृताच्या तपासण्या केल्या, आणि वाचला साधारण एक कप चहाएवढा श्वास. तोही वाढला नाही, कमी वेगाने गेला. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला अमेरिकेने हे औषध आणि पिरफेनिडोन एकाच दिवशी मंजूर केलं. पिरफेनिडोन आपल्याकडे त्याच्या आधीपासून मिळत होतं.

“बरं वाटतंय काय मामा?”

“तसंच हाय की. वाढलं न्हाई म्हणायचं.”

आमच्या लेखी याहून चांगलं उत्तर नाही. त्यांना मात्र ते उत्तर देताना संकोच वाटतो, औषधाचा अपमान केल्यासारखा.

मग सहा मिनिटांची चाल. तीस मीटरच्या पट्ट्यावर येरझाऱ्या, बोटाला ऑक्सिमीटर. ‘चांगलं चाललंय’ यापलीकडे उत्तेजन द्यायचं नाही, वाक्यंसुद्धा ठरलेली आहेत. मामा माझ्याशी बोलत चालायला बघतात. बोललं की अंतर कमी भरतं, म्हणून मी मागे राहते. ऑक्सिजन ९४ वरून ८६ टक्के.

११.१५

आज एका नव्या कुटुंबाची संमती घ्यायची आहे. वडील, सून आणि धाकटा मुलगा. वडिलांना वाचता येत नाही, म्हणून रुग्णालयाशी किंवा चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार बसवला आहे. माहितीपत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही तयार असतात. ज्या भाषेत घरात भांडण होतं ती भाषा कोणती, असं मी विचारते. उत्तर लगेच मिळतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे काही चाचण्यांत या साऱ्याचं चित्रीकरणही होतं. कॅमेरा लावला की लोक एकदम ‘होय, होय, समजलं’ म्हणू लागतात, म्हणून मी आधी कॅमेऱ्याशिवाय एकदा सगळं सांगून घेते.

अर्धा तास शांतपणे ऐकल्यावर सून विचारते, “खोटी गोळी आली तर? म्हाताऱ्याला फसवायचंच की हे.”

हा प्रश्न पुस्तकातल्या उत्तराने मिटत नाही. मी तिला गोष्ट सांगते, खरी. काही वर्षांपूर्वीपर्यंत जगभरचे चांगले चांगले डॉक्टर या आजाराला तीन औषधं एकत्र देत: प्रेडनिसोलोन नाहीतर प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन. सूज कमी होईल, व्रण थांबेल, असा हिशेब. अमेरिकेत पँथर नावाच्या चाचणीत प्रथमच त्यांची गाठ खोट्या गोळीशी घालून दिली. ७७ जणांना तीन औषधं, ७८ जणांना खोटी गोळी. पहिल्या गटात ८ मृत्यू, दुसऱ्यात १. रुग्णालयात भरती व्हावं लागलेले २३ विरुद्ध ७. ऑक्टोबर २०११ मध्ये ती तीन औषधं तडकाफडकी थांबवली. खोटी गोळी घेणारे नसते, तर ही औषधं मारतात हे कुणाला कळलं असतं? प्रत्येक मृत्यू आजाराच्या नावावर गेला असता.

ती गप्प होते. मुलगा विचारतो, सध्याची गोळी बंद करणार काय? नाही, या चाचणीत ती चालूच राहते. नवी किंवा खोटी तिच्याबरोबर. कोणाला कोणती ते संगणक ठरवतो, मलाही ठाऊक नसतं. मधेच सोडता येतं, त्यावर इथले उपचार अडत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई. वडील इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणतात, “घरला जाऊन इचारतो.”

कुणाला, ते सांगत नाहीत. मी पत्रक हातात देते आणि सही मागत नाही. सही लवकर मिळवणारे समन्वयक वरच्यांना आवडतात. माझ्या मते लवकर मिळालेली सही तिसऱ्या महिन्यात घरी बसते.

१.३०

डबा. भाकरी, पावट्याची उसळ. दोन फोन.

२.३०

छातीचे डॉक्टर आणि क्ष-किरणतज्ज्ञ सीटी बघत एकत्र बसतात. तळाशी हनिकोंबिंग, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी भोकं, असलं तर चर्चा लवकर संपते. आज संपत नाही. कणकुंबीच्या बाजूची पन्नाशीची बाई आहे. डाग वरच्या भागातही, मधेमधे हवा अडकलेली. डॉक्टर मला विचारतात, “घरात काय काय आहे?” इथे मी गावची असल्याचा उपयोग. ऑक्टोबरात परतीचा पाऊस पडला की भाताची पिंजर ओलीच गंजीला लागते. आतून तापते, बुरशी धरते, आणि जानेवारीत गुरांना घालताना ती उपसणारी बाईच असते. ‘शेतकऱ्याचं फुप्फुस’ हे नाव युरोपातल्या गवतावरून पडलं, पण आमच्या भागाइतका ओला मुलूख त्याला सहज पुरेल.

भारतात हे अपवादाने होत नाही. जयपूरचे डॉ. वीरेंद्र सिंह आणि डॉ. शीतू सिंह, सिएटलचे डॉ. गणेश रघू आणि देशभरातले डॉक्टर यांनी २०१२ ते २०१५ मध्ये २७ केंद्रांतून १,०८४ रुग्णांची नोंद केली. पाश्चात्त्य नोंदींत वर असणारा आयपीएफ इथे १३.७ टक्के निघाला. श्वासातून गेलेल्या बुरशीने, पक्ष्यांच्या पिसांनी, विष्ठेने होणारा प्रकार ४७.३ टक्के. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या घरी एअर कूलर होता. २०२५ च्या जुलैत मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून वाद पेटला, तेव्हा बरेच जण विचारत होते की दाणे टाकल्याने फुप्फुसाला काय होतं. त्याला उत्तर होतं आणि छापलेलंही होतं.

बाईला चाचणीत घेत नाहीत. गंजीपासून लांब राहा, तोंडाला नीट मास्क, स्टिरॉइड आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. लांब राहणं चिठ्ठीवर लिहिता येतं. गुरं कोण बघणार ते तिथे लिहिता येत नाही.

४.००

परत आलेल्या बाटल्यांतल्या गोळ्या मोजते. एका बाटलीत उरायला हव्यात त्याहून फार जास्त उरल्या आहेत. फोन केल्यावर कळतं, नातवाच्या बारशाला चार दिवस पाहुणे होते, सारखं संडासला जाणं बरं दिसलं नसतं. हे ‘विस्मरण’ म्हणून नोंदवणं सोपं. मी खरं कारण लिहिते. पिरफेनिडोनवाल्यांचं वेगळं: जेवणाबरोबर घ्या आणि उन्हात जाऊ नका, कातडी भाजते. भात कापणाऱ्याला उन्हात जाऊ नको म्हणायचं.

तेवढ्यात दुसऱ्या चाचणीतली आमची एक रुग्ण गोव्यात भरती झाल्याचा निरोप. गंभीर घटना चोवीस तासांच्या आत औषध नियंत्रक, प्रायोजक आणि नीतिमत्ता समितीला कळवावी लागते. औषधामुळे झालं की नाही हा विचार नंतरचा. पाच वाजून जातात.

२०१४ नंतर आयपीएफसाठी नवं औषध मंजूर व्हायला अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ उजाडला: नेरँडोमिलास्ट. अकरा वर्षं. मधल्या काळात कितीतरी रेणू असेच बाटल्यांत मोजले गेले आणि निकामी ठरले. त्या बाटल्या मोजणारे कुठे ना कुठे माझ्यासारखेच कुणी असणार, आणि त्यांचं काम वाया गेलं असं मला वाटत नाही.

रात्री ८.००

घरी पोचल्यावर मामांचा फोन. पुढची भेट मंगळवारी, आणि मंगळवारीच मळणीचं मशीन मिळालंय. भेट तीन दिवस अलीकडे-पलीकडे चालते.

“शुक्रवारी या मामा. आणि खळ्यात उभं राहू नका, धूळ तुम्हाला नको.”

“पोती कोण मोजणार गा?”

“लेक मोजेल.”

“त्याला मोजता येतंय काय!” मागून मामींचा आवाज येतो, पोती मी मोजते म्हणून सांगा त्या पोरीला. शुक्रवार ठरतो, पहिली गाडी. बाटली रिकामी झाली असली तरी घेऊन या, असं मी दोनदा सांगते.