खो कोणी दिला?

खो-खोत आठ जणी बसलेल्या असतात आणि एकटी पळत असते. बघणाऱ्याची नजर साहजिकच पळणारीबरोबर फिरते. धाराशिव जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत, ऐन पावसाळ्यात, मुलींचा सराव बघायला मी मैदानाच्या कडेला उभा राहिलो, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी आधीच बजावलं : "पळणारीकडे बघू नका. बसलेल्या पोरींच्या टाचा बघा."

टाचा बघू लागलो आणि खेळ वेगळाच दिसायला लागला. मधल्या पाटीवर एकाआड एक उलट तोंडं करून आठ जणी चौकोनांत बसलेल्या. एकीच्या टाचा उचललेल्या, भार चवड्यांवर, बोटं जमिनीला टेकलेली, मान धावणाऱ्या मुलीबरोबर वळणारी. तिच्या शेजारची मात्र टाचा टेकवून निवांत. तिच्या पाठीवर थाप पडली, "खो!" कानावर आला, ती उठली, पण उठण्याआधी तिला भार पुढे घ्यावा लागला. तेवढ्यात समोरची मुलगी दोन चौकोन पुढे निघून गेली होती. शिट्टी वाजली. "पाटीवर बसायला आलीस का उठायला?" एवढंच सर म्हणाले. पुढच्या फेरीला त्या मुलीच्या टाचा वर होत्या.

बसण्याच्याही रीती आहेत. दोन्ही पाय समांतर ठेवून बसणं म्हणजे 'पॅरलल टो' आणि एक पाय मागे घेऊन, धावायच्या शर्यतीतल्यासारखं बसणं म्हणजे 'बुलेट टो'. आठवीतल्या मुली हे शब्द सहज बोलतात. कोणाला कोणती बैठक सोयीची, हे तिची उंची आणि मांड्यांतली ताकद पाहून सर ठरवतात. पण बैठक कुठलीही असो, अपेक्षा एकच : आपल्याला खो मिळणारच आहे असं समजून बसायचं. सातआठ मिनिटांच्या डावात एखाद्या मुलीला चार वेळाच उठायला मिळतं. बाकीचा सगळा वेळ ती चवड्यांवर असते आणि तिच्याकडे कोणाचं लक्षही नसतं. मुलांना खेळातून काय शिकवायचं, यावर शाळा भाषणं खूप करतात. मला ते शिकवणं या टाचांमध्ये जास्त स्पष्ट दिसलं.

शाळा सुटल्यावर सराव सुरू होतो आणि शेवटची एसटी येईपर्यंत चालतो. गाडी फाट्यावर दिसली की वाड्यावस्त्यांवरच्या मुली दप्तरं उचलून पळत सुटतात. हाताशी जेमतेम तासभर असतो, त्यातला काही वेळ मैदानावर जातो. पावसाने माती वाहून गेली की खडे वर येतात. ते वेचायचे, दोरी धरून फक्की मारायची, खांब हलतोय का ते बघायचं. खडे वेचायला आधी कर्णधार वाकते, मग बाकीच्या. दहावीतल्यांना यातून सूट नाही. सूर मारताना ज्या जमिनीवर छाती आणि कोपरं टेकणार, ती आपल्या हाताने साफ केलेली असली की मुली बिनधास्त झोकून देतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. खांबाजवळचा तो लांब सूर बघताना माझ्याच कोपरांना झिणझिण्या आल्या.

सरावाला पंच नसतो. हात लागला की जिला लागला तिनेच बाजूला व्हायचं. एका संध्याकाळी नववीतली एक मुलगी खांबाला वळसा घालून सुटली. पाठीवर बोटं निसटती लागली असावीत. मला दिसलं नाही, सरांना दिसलं नाही, जिने हात टाकला तिलाही खात्री नव्हती, कारण ती तशीच पुढे पळत होती. ती नववीतली थांबली आणि चालत रेषेबाहेर आली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सरांनी कौतुक केलं नाही. पुढची तुकडी आत आली. हे इथे इतकं नेहमीचं आहे, याचंच मला अप्रूप वाटलं.

सरांच्या हातात एक जाड वही असते. अधिकृत गुणपत्रकात संरक्षण करणारीने किती वेळ काढला आणि तिला कोणी बाद केलं, एवढं येतं. वर्तमानपत्रातल्या बातमीतही तेच : अमकीने दोन मिनिटं संरक्षण केलं, तमकीने तीन गडी टिपले. बक्षिसंही उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक, अष्टपैलू अशी. सरांच्या वहीत मात्र एक रकाना जास्तीचा आहे. त्या बादच्या आधीचा खो कोणी दिला? हूल देऊन पळणारीला कोपऱ्यात कोणी रेटलं? दुसऱ्या दिवशी सराव सुरू होण्याआधी तेवढाच रकाना मोठ्याने वाचला जातो. स्वतःला गडी मारता येत असताना, आपल्याहून जवळ बसलेलीला खो देणं ही खो-खोतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी तर फारच अवघड. ज्या गोष्टीची कुठे नोंद होत नाही ती मुलांनी आपणहून करावी, असं नुसतं म्हणत राहण्यापेक्षा सरांनी सरळ नोंदच करायला घेतली, हे मला फार मोलाचं वाटतं.

या जिल्ह्यात खो-खोला मान आहे. 2016च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळवून देणारी कर्णधार सारिका काळे इथलीच. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासून मुलींना 'वजीर' व्हायचंय, कारण विश्वचषकातल्या नव्या प्रकारात वजिराला कुठल्याही दिशेने पळता येतं. सर जुन्याच नियमांनी सराव घेतात. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पलीकडे जायचं तर खो द्या. या बंधनातच एकमेकींवर विसंबायला शिकणं आहे, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

पालकांची अपेक्षा वेगळी असते, आणि ती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेला बाप याचा हिशेब करणारच. मला खटकतं ते शाळांचं. वार्षिक अहवालात चषकांची यादी छापायची आणि वर्षभर मैदानावर येऊनही संघात न बसलेल्या मुलींचा एका ओळीनेही उल्लेख करायचा नाही, हे बरं नाही.

तालुका स्पर्धेसाठी बारा जणींची यादी लागली तेव्हा खरी कसोटी आली. नियम सगळ्यांना ठाऊक : सरावाला दांडी, तर संघात जागा नाही. संघातली सगळ्यात चपळ मुलगी आठवडाभर आली नव्हती. सोयाबीनची खुरपणी चालू होती आणि मजूर लावायची घरची ऐपत नव्हती. नियम सरसकट लावला असता तर शिक्षा झाली असती ती गरिबीला. पण हजेरीत 'सांगून' आणि 'न सांगता' असे दोन रकाने आहेत, आणि तिच्या धाकट्या भावाने रोज निरोप आणला होता. ती बारा जणींत आली. शहराजवळच्या वस्तीवरची दुसरी मुलगी तीनच दिवस चुकली होती, न सांगता. ती बाहेर राहिली.

तिची आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. "सर, माझी लेक तीन दिस नव्हती, ती आठ दिस नव्हती. ह्यो कुठला न्याय?" सरांनी वही उघडून दोन्ही रकाने दाखवले. तिने ते नीट बघितले. तिचं समाधान झालं नाही, आणि सरांनीही यादी बदलली नाही. लेक मात्र त्या संध्याकाळी सरावाला आली आणि पाटीवर शेवटून दुसऱ्या चौकोनात बसली.