गार चहा आणि ‘सपीती’

मैत्रिणींनो, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहा कोण करतं? आणि सगळ्यांच्या मागून, ओट्याशी उभ्यानंच, गार झालेला चहा कोण पितं? उत्तर तुम्हांला ठाऊकच आहे!

संस्कृतात एक जुना, आता विसरलेला शब्द आहे : सपीती. म्हणजे सोबतीनं बसून पिणं. अमरकोशात त्याच्या जोडीला ‘सग्धी’ आहे, म्हणजे सहभोजन. रुद्राभिषेकाच्या वेळी गुरुजी चमक म्हणतात ना, त्यातही ही जोडी येते. आधी दूध, तूप, मध मागायचं, मग सग्धी नि सपीती, आणि त्यानंतर शेती नि पाऊस! घरात दूधतूप असलं तरी सोबतही मागावी लागते, हे तेव्हाही कळत होतं.

मग आपण का मागू नये? उद्यापासून एवढंच करा. आपला कप सगळ्यांच्या कपांबरोबरच भरा, गॅस बंद करा आणि ट्रे घेऊन बाहेर येऊन बसा. पहिल्या दिवशी आमच्या सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, ‘‘अगं, तू आल्याशिवाय चहा कसा घ्यायचा?’’

दहा मिनिटांत पोळ्या काही पळून जात नाहीत, बरं का!